कोलकॅनन: कोबी आणि बटाट्याचा आयरिश पदार्थ

आयर्लंडच्या स्वयंपाकात कुस्करलेल्या बटाट्याचे दोन प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत. नुसती कांद्याची पात घालून केलेला चॅम्प उत्तरेकडील अल्स्टर प्रांताचा, तर केल (कोबीच्या कुळातली एक पालेभाजी) किंवा कोबी घालून केलेला कोलकॅनन सर्व देशभरचा. येथे कोलकॅननची कृती दिली आहे. तीच कृती पालेभाजी वगळून आणि पात वाढवून केली, की चॅम्प तयार होतो.

चार माणसांसाठी १ किलो बटाटे, पाव किलो केल अथवा कोबी, कांद्याच्या पातीच्या ६ काड्या, २०० मिलीलिटर साईसकट दूध, १०० ग्रॅम खारे लोणी, मीठ आणि मिरपूड एवढेच साहित्य लागते. जिरे, लसूण, चीज यांचा मोह टाळावा. मोजक्या चवींचा पदार्थ असल्यामुळे एकही वाढीव मसाला त्यात लपत नाही.

खरी कसोटी बटाट्याची आहे. आयरिश घरांत कर्स पिंक, गोल्डन वंडर किंवा रूस्टर यांसारखे पिठूळ बटाटे वापरतात, कारण त्यांत पाण्याचा अंश कमी आणि पिष्टाचा जास्त असल्याने ते उकडल्यावर भुरभुरीत होतात व दूध-लोणी चांगले शोषून घेतात. आपल्याकडे कुफरी चिप्सोनासारख्या वेफर्ससाठी पिकवल्या जाणाऱ्या जाती या कामाला उत्तम. पण भाजीवाल्याकडे जातीचे नाव क्वचितच कळते, तेव्हा बोटाने सोलता येईल अशा पातळ सालीचा नवा बटाटा टाळून जुना, जाड सालीचा घ्यावा.

बटाटे सालीसकट, शक्यतो सारख्या आकाराचे, थंड मिठाच्या पाण्यात घालून मंद आचेवर उकडावेत. चिरून उकडल्यास ते पाणी पितात. कुकर वापरायचाच असेल तर बटाट्यांच्या भांड्यात पाणी न घालता नुसत्या वाफेवर शिजवावेत. सुरी सहज आत गेली, की पाणी पूर्ण काढून टाकून बटाटे त्याच पातेल्यात, अगदी मंद आचेवर, स्वच्छ फडक्याने झाकून दोन-तीन मिनिटे ठेवावेत. फडके ओलसर होते आणि साली कोरड्या पडून तडकू लागतात. ही पायरी घाईत गाळली, तर पुढे कितीही लोणी घातले तरी पदार्थ पाणचटच राहतो.

तोवर केलचे जाड देठ काढून पाने, किंवा कोबी, बारीक चिरून उकळत्या मिठाच्या पाण्यात झाकण न ठेवता शिजवावा. कोबीला चार-पाच मिनिटे पुरतात, केलला थोडी अधिक. शिजलेली भाजी चाळणीत निथळून नंतर मुठीत घट्ट पिळावी. दुसऱ्या भांड्यात दूध आणि चिरलेली पात एकत्र करून उकळी येईपर्यंत तापवावे व पाच मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे पातीचा वास दुधात उतरतो.

बटाटे गरम असतानाच सोलून कुस्करावेत. मिक्सरच्या पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटून पिष्ट बाहेर पडते व त्याची चिकट खळ होते, म्हणून तो येथे पूर्ण वर्ज्य समजावा. घरात पुरणयंत्र असेल तर त्याहून चांगले साधन नाही. त्यातून बटाटा मऊ, हलका आणि गुठळीविना उतरतो. त्यात गरम दूध पातीसह थोडे थोडे घालून लाकडी चमच्याने हलक्या हाताने मिसळावे, मग भाजी व निम्मे लोणी घालावे आणि चव पाहूनच मीठ घालावे, कारण लोणी आधीच खारे असते.

वाढताना गरम ताटलीत ढीग करून मध्यभागी खळगा करतात आणि उरलेले लोणी त्यात वितळू देतात. कडेने खायला सुरुवात करून प्रत्येक घास त्या लोण्यात बुडवून घेण्याची रीत आहे. सोबत उकडलेले बेकन किंवा हॅम असते. शाकाहारी घरात मात्र हा पदार्थ एका वाटीत एकटाही पोटभर होतो.

कोलकॅननचे नाते ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनशी जुने आहे. १७३५ साली त्याच दिवशी डब्लिनमध्ये जेवलेल्या विल्यम बल्कली या वेल्श जमीनदाराने आपल्या रोजनिशीत कोबी, बटाटे आणि पार्सनिप (गाजरासारखे फिकट कंदमूळ) एकत्र केलेल्या या पदार्थाची नोंद केली आहे. पुढे त्यात अंगठी, नाणे, अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी) यांसारख्या वस्तू दडवण्याची प्रथा रूढ झाली: अंगठी मिळेल त्याचे वर्षभरात लग्न, नाणे मिळेल त्याला धनलाभ, आणि अंगुस्तान मिळेल ती अविवाहित राहणार, असा संकेत. ही गंमत करायची झाल्यास वस्तू कागदात गुंडाळाव्यात, जेवणाऱ्यांना आधी सांगावे, आणि लहान मुलांच्या वाटीत काहीही घालू नये.

उरलेला कोलकॅनन फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच्या चपट्या टिक्क्या थापाव्यात आणि तव्यावर लोण्यात, एक बाजू खरपूस तांबूस होईपर्यंत न हलवता, परताव्यात.