बाळ एनआयसीयूत आणि आई घरी: व्हिडिओ कॉल कसा करावा

माझा मुलगा 31व्या आठवड्यात झाला, 1 किलो 380 ग्रॅमचा. माझं सिझेरियन एका दवाखान्यात झालं आणि तासाभरात त्याला दुसरीकडे, एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, असलेल्या दवाखान्यात हलवलं. पुढचे चार दिवस मी त्याला नवऱ्याच्या मोबाइलवरच पाहिलं. आपल्याकडे अशी घरं कमी नाहीत. पेडणे, सत्तरी, काणकोण, शिवाय सावंतवाडी-दोडामार्गची बाळं बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जातात. टाके ओले असलेली आई मागे राहते. बाप वेर्ण्याला शिफ्टमध्ये, नाहीतर बोटीवर.

सगळ्यात आधी परवानगी घ्या. प्रत्येक एनआयसीयूचे नियम वेगळे असतात. कॉल चालेल का, फोन कोणी धरायचा, किती मिनिटं, हे तिथल्या सिस्टरना विचारा. डॉक्टरांचा राउंड आणि ड्यूटी बदलायची वेळ सोडून एक ठरावीक वेळ मागून घ्या. आम्हाला दुपारी साडेतीनची मिळाली. वेळ ठरलेली नसली की आई दिवसभर फोनकडे बघत बसते आणि तो वाजला नाही की नको नको ते मनात येतं. एखाद्या दिवशी वॉर्डात धावपळ असेल, कॉल होणार नाही, हेही तिला आधीच सांगून ठेवा.

आमचा पहिलाच कॉल फसला. नवऱ्याने हौसेने कॅमेरा सरळ मॉनिटरवर धरला, तेवढ्यात अलार्म वाजला आणि रेंज गेली. पुढची वीस मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. झालं होतं इतकंच, की बाळाने पाय झाडला आणि पायाचा सेन्सर सैल झाला. त्या दिवसापासून आम्ही नियम केला: फोन लागला की आधी तोंडाने सांगायचं, "बाळ बरं आहे, आता दाखवतो." मगच कॅमेरा फिरवायचा. मॉनिटर दाखवायचाच नाही. "रेंज गेली, बाळ ठीक आहे" असा मेसेज आधीच लिहून ठेवा, कॉल तुटला की लगेच पाठवता येतो.

जे दिसणार आहे त्याची कल्पनाही आईला द्या. नाकात नळी असेल. कावीळ असेल तर निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधलेली असेल. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, ते बहुतेक बाळांचं उतरतं. नंतर कॅमेरा हळूच पायाकडे न्या. सेन्सरच्या लाल उजेडात माझ्या मुलाचा अंगठा डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसला होता. त्या क्षणी मला तो माझा वाटला.

आत नेण्याआधी फोनचं कव्हर काढा, सॅनिटायझरच्या कापडाने फोन पुसा, जमल्यास स्वच्छ झिपच्या पिशवीत घाला. फ्लॅश बंद, रिंग बंद. शेजारचं बाळ चित्रात येऊ देऊ नका. आपल्या बाळाचाही फोटो कुणाच्या स्टेटसवर जाता कामा नये. आईचा आवाज बाळाला ऐकवावासा वाटणारच, पण स्पीकर इनक्युबेटरमध्ये नेऊ नका. एनआयसीयूतला आवाज 45 डेसिबलच्या आत ठेवावा अशी शिफारस आहे. सिस्टर हो म्हणाल्या तरच, तेही अगदी हळू.

कॉलचा खरा फायदा मला दुधासाठी झाला. फोन ठेवला की लगेच दूध काढायला बसा, बाळाला बघून पान्हा फुटतो. पहिल्या दिवसांत वाटीच्या तळाला लागेल एवढाच चीक निघतो. तोही टाकू नका, त्या पोटाला तेव्हा काही मिलिलिटरच पुरतात. दिवसरात्र मिळून आठेक वेळा काढा. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, एवढं साधारण गणित. पण इतक्या लहान बाळासाठी दवाखाना सांगेल तेच पाळा. दूध नेताना बर्फाच्या डब्यातून न्या.

नातेवाइकांना या कॉलमध्ये घेऊ नका. आजीला सहाव्या दिवशी सटीसाठी नातू बघायचा होता. तिला आम्ही नंतर एक फोटो दाखवला, तेवढ्यावर तिने दिवा लावला. साडेतीनची दहा मिनिटं मात्र आईबापांचीच ठेवली. सत्तरीच्या आतल्या गावांत व्हिडिओ अडकत असेल तर साधा फोन करा आणि एक फोटो मागवा.

कॉल होऊनही आईची झोप उडालेली असेल, रडू थांबत नसेल, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका.

आणि आईला आत जायची मुभा मिळाली, की त्या दिवशी कॉल नको, ती स्वतः जाऊ दे. जागतिक आरोग्य संघटना कांगारू पद्धतीने, म्हणजे आईच्या उघड्या छातीशी, बाळाला दिवसाचे 8 ते 24 तास ठेवायला सांगते. पुढून उघडणारा गाऊन घाला, बांगड्या-अंगठ्या काढा, हात कोपरापर्यंत धुवा. फोन बाहेर नवऱ्याकडे द्या आणि खुर्चीत मागे टेकून बसा. सिस्टर बाळाला आणून ठेवतील.