ईएसआयची वही

टॉवेल कारखाना बदलला की आमच्या सोलापुरात पगार विचारतात, ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कुणी काढत नाही. मी शेजाऱ्यांना शंभर पानी वही घालून देतो. महिना, कारखाना, पगार, वर्गणीचे दिवस, शेरा. विमा क्रमांक पहिल्या पानावर. नव्या मालकालाही तोच सांगायचा.

एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे आजचा खंड नंतर नडतो. सहामाहीत 78 दिवस भरले नाहीत तर आजारपणाचा रोख भत्ता नाही. सप्टेंबर-मार्चअखेर लाल पेनानं बेरीज मारा.

शेजारच्या अक्का म्हणाल्या, "कापलंय की ओ पगारातनं!" स्लिपवर 0.75 टक्के कापलेले, ईएसआयच्या पोर्टलवर दिवस शून्य. स्लिप जपली होती म्हणून शाखा कार्यालयात बोलता आलं.

पगार 21,000 च्या वर गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते. ती संपली की शेऱ्यात महात्मा फुले योजना लिहा, म्हणजे राज्याची मोफत उपचारांची योजना: 5 लाखांपर्यंत, पण ठरलेल्या उपचारांना, तेही यादीतल्या रुग्णालयात. बीपीच्या महिन्याच्या गोळ्या त्यात धरू नका. घरात सत्तरीचं कुणी असेल तर आयुष्मान भारतचं, म्हणजे मोफत उपचारांचं, वय वंदना कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही.