संकल्प सोडताना आधी ‘कशासाठी’ ते सांगा

घरच्या पूजेत गुरुजी संकल्प सोडायला सांगतात, तेव्हा एकदा कान देऊन ऐका. आधी जागा येते, ‘दण्डकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’. मग शके, संवत्सर, मास, तिथी. मग तुमचं गोत्र आणि नाव. मग हे कशासाठी, ते. ‘करिष्ये’ हा शब्द अगदी शेवटी येतो. पाडव्याला किंवा १ जानेवारीला डायरी उघडून आपण मात्र नुसतं ‘करिष्ये’ लिहितो.

मी सलग तीन वर्षं ‘मोडी लिपी शिकायची’ असं लिहिलं आणि तिन्ही वर्षं काहीच झालं नाही. चौथ्या वर्षी वाक्य बदललं, आणि त्यातूनच पुढच्या पायऱ्या सापडल्या.

१. ‘कशासाठी’ ते आधी लिहा. ध्येयाशेजारी कारण लिहा, त्या कारणाचंही कारण विचारा. ‘मोडी चांगली असते म्हणून’ हे माझं पहिलं उत्तर पोकळ होतं. खरं उत्तर तिसऱ्या वेळी आलं: आईच्या माहेरच्या पेटीत तिच्या आजोबांची मोडीतली खरेदीखतं आहेत, आई ८१ वर्षांची आहे, आणि तिला नीट ऐकू येतंय तोवर मला ती वाचून दाखवायची आहेत. उत्तरात असं एखादं माणूस किंवा मनाला टोचणारी गोष्ट दिसेपर्यंत थांबू नका. ‘सगळे करतात म्हणून’ यापलीकडे काही सापडलंच नाही, तर ते ध्येय खुशाल खोडा. ते तुमचं नव्हतं.

२. वेळ आणि जागा बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं, की ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवलेलं काम नुसत्या इच्छेपेक्षा जास्त वेळा पार पडतं. माझं वाक्य होतं: ‘रात्री ओटा पुसून झाला की जेवणाच्या टेबलावर अर्धा तास कित्ता.’ मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात, मग अक्षरं तिच्याखाली लिहीत जातात, हात शक्य तितका न उचलता. कितीही दमले असले तरी ती एक रेघ ओढायची, एवढंच मी स्वतःला सांगायचे. रेघ ओढली की अक्षरं येतातच. तुमच्या कामातली अशी ‘पहिली रेघ’ शोधा: बूट घालणं, तंबोरा गवसणीतून काढणं, वही उघडणं.

३. माप लहान ठेवा, मुदत मोठी. पहिला महिना फक्त बाराखडी. २१ दिवसांत सवय लागते, असं सगळीकडे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून खाडा झाला तर हळहळत बसू नका, दुसऱ्या दिवशी बसा.

४. पाणी सोडा. संकल्पाच्या शेवटी तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडतात. ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं’ म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडणं, हेही आपलीच भाषा सांगते. ही पायरी सगळेच गाळतात, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दिवसात नवा अर्धा तास कुठूनही उगवत नाही. तो कशातून काढणार, ते लिहून ठेवा. मी रात्रीच्या मालिकेवर पाणी सोडलं. पहिले पंधरा दिवस जड गेले.

५. महिन्यातून एकदा कारण पुन्हा वाचा. किती झालं ते नंतर बघा. कारण अजून जिवंत आहे का, ते आधी. नसेल तर देवाची करतात तशी त्या ध्येयाची रीतसर उत्तरपूजा करून ते उठवा. मनात अर्धवट रेंगाळणारी ध्येयं नव्या कामाचंही बळ खातात.

नवव्या महिन्यात पहिलं खरेदीखत आईसमोर उलगडलं. मोडीत दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, त्यामुळे चाचपडत होते. चौथ्या ओळीत चतुःसीमा आली आणि शेताचं नाव लागलं: ‘चिंचेची पट्टी’. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि ते दोन शब्द पुन्हा वाचायला लावले.