सामुदायिक मानसशास्त्रात एमए करताय? या चुका टाळा

क्लिनिकल मानसशास्त्राला, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या शाखेला, नंबर लागला नाही म्हणून सामुदायिक मानसशास्त्र घेणारे बरेच असतात. गडबड तिथूनच सुरू होते. 1965 साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या स्वॅम्पस्कॉटला जमलेल्या मानसशास्त्रज्ञांनी या शाखेचा पाया घातला, तो दवाखान्यात बसून पेशंटची वाट पाहणं पुरत नाही म्हणून. इथे काम वस्तीसोबत करायचं असतं: पाणी, कर्ज, दारू, बेकारी यांच्यासकट.

दुसरी चूक महागात पडते. नुसत्या एमएवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं, पण तिथेही हीच अट आडवी येते. उपचारच करायचे असतील तर आधीच तो रस्ता धरा, दोन वर्षं हातची घालवू नका.

प्रबंधाच्या बाबतीत मात्र मला खरंच तळमळून सांगावंसं वाटतं. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्म फिरवायचा, शंभरेक मित्रमैत्रिणींकडून भरून घ्यायचा आणि त्याला समुदायाचा अभ्यास म्हणायचं, हे करू नका. वस्तीत जा. जातानाही सकाळी अकराला प्रश्नावली घेऊन गेलात तर निम्म्या घरांना कुलूप असतं, बायका कामावर गेलेल्या असतात. आशाताईंना आधी भेटा, वेळ त्यांना विचारून ठरवा. आणि सून उत्तरं देत असताना सासू दारात उभी असेल तर 'घरात काही त्रास?' याचं उत्तर 'नाही' असंच येणार. तो 'नाही' तक्त्यात भरू नका. नळावर, बचत गटाच्या बैठकीनंतर, जिथे ती मोकळी बोलेल तिथे पुन्हा गाठा. माहिती चुकीची येतेय असं वाटलं की प्रश्न बदलण्याआधी जागा आणि वेळ बदलून पाहा.

नोकरीच्या जाहिरातींत 'कम्युनिटी सायकॉलॉजिस्ट' शोधत बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही. पदं प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, ट्रेनिंग ऑफिसर, रिसर्च असोसिएट, मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन ऑफिसर अशा नावांनी निघतात. गोव्यातल्या संगाथ संस्थेच्या 'मानस' प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना आधार दिला. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा फायदा दिसला आणि 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. अशा कामामागे माणसं निवडणं, त्यांना शिकवणं, त्यांच्या अडचणी ऐकणं आणि परिणाम मोजणं हे सगळं कुणीतरी करत असतं. तुमची जागा ती आहे. म्हणून संख्याशास्त्राला घाबरून फक्त मुलाखतींवर भागवू नका, दोन्ही यायला हवं.

स्पर्धा एमएसडब्ल्यूवाल्यांशी, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांशी असते आणि फील्डवर्कच्या सवयीमुळे संस्था त्यांना पसंत करतात. प्रवेश घेण्याआधीच विचारा: आठवड्यातून किती दिवस फील्डवर्क, कुठे, आणि सोबत मार्गदर्शक येतात का? प्राध्यापकीकडे कल असेल तर नेट-सेटची तयारी एमए करतानाच सुरू करा.

मुलाखतीत पगाराआधी प्रकल्पाचा निधी कधीपर्यंत आहे ते विचारा. बहुतेक पदं कंत्राटी असतात आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. अहवालावर आपलं नाव येणार का, हेही त्याच वेळी लेखी ठरवून घ्या, कारण पुढच्या अर्जाला तोच अहवाल जोडायचा असतो.