मुलाच्या हातातून मोबाईल काढून घेताना रडारड होते? हे करून बघा
सगळ्यात आधी ऑटोप्ले बंद करा, खरंच, बाकी सगळं नंतर. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि मग पोराला थांबायची जागाच सापडत नाही, त्यात त्याची काय चूक. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये बटण असतं, दोन मिनिटांचं काम.

दुसरं म्हणजे वेळ मिनिटांत सांगू नका. चार वर्षांच्या मुलाला "दहा मिनिटं" म्हणजे काय ते कळतच नाही, त्यापेक्षा "हा एक भाग संपला की बंद" असं सांगा, आणि संपायच्या थोडं आधी शेजारी जाऊन बसा, काय चाललंय ते विचारा, मग "चल, आता बंदचं बटण तूच दाब" म्हणा. स्वतः दाबलं की निम्मा तमाशा कमी होतो. पहिले चार-पाच दिवस मात्र रडणार, तेव्हा ढिले पडू नका, एकदा रडून मोबाईल मिळाला की संपलंच.

किती वेळ द्यायचा? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय, दोन वर्षांच्या आत अजिबात नको, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तमच. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल मी तरी त्यात धरत नाही.

मोठ्या मुलांचा मोबाईलचा वेळ ठरवायला अँड्रॉइडवर फॅमिली लिंक नावाचं ॲप, आयफोनवर स्क्रीन टाइम ही सेटिंग आहे, पण लिमिट त्यांच्यासमोर बसूनच लावा. रात्री चार्जर हॉलमध्ये, सगळ्यांचे, हो, आपलाही.