जुनी गाडी रस्त्यावर काढताय? लाइट आणि सेफ्टीच्या या चुका टाळा

जुनी गाडी रिस्टोर करताना सगळा जीव रंगात आणि क्रोममध्ये अडकलेला असतो, लाइटचं शेवटी बघू म्हणत ते राहूनच जातं, आणि मग पहिल्यांदा अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढली की कळतं, आपल्याला समोरचं दिसत नाही आणि मागच्याला आपण दिसत नाही.

आधी कायद्याचं बोलू. "व्हिंटेज आहे, तिला नियम लागत नाहीत" हे खूप ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. सूट असते, पण ती गाडीच्या सालावर आणि एकेका वस्तूपुरती असते. ब्रिटनमध्ये 1936 च्या आधी पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या गाडीला इंडिकेटर आणि ब्रेकलाइट नसले तरी चालतात, नंतरच्या गाडीला ही सूट नाही. तिथे 40 वर्षं झालेल्या आणि फार बदल न केलेल्या गाडीला वार्षिक तपासणी माफ आहे, पण गाडी चालवण्यालायक ठेवायची जबाबदारी मालकाचीच. जर्मनीत 30 वर्षांनंतर एच अक्षराची वेगळी नंबरप्लेट मिळू शकते, पण गाडी मूळ रूपात आणि चांगल्या अवस्थेत हवी. भारतात 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांच्या वरची गाडी व्हिंटेज म्हणून रजिस्टर होते आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. म्हणून दुसऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका, तुमच्या गाडीचं साल घ्या आणि त्या सालाला काय काय लागतं ते वाचून काढा.

आता सगळ्यात मोठी चूक. हेडलाइट मिणमिणतात म्हणून लोक आधी बल्ब बदलतात, मग जास्त वॉटचा लावतात, मग वायर गरम होते. अहो बल्बला बिचाऱ्याला व्होल्टेजच पोचत नाहीये! लाइट चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवर मोजा आणि मग बल्बच्या टोकांवर मोजा. 6 व्होल्टच्या गाडीत वाटेत 0.6 व्होल्ट जरी खाल्ले गेले तरी जवळपास 30 टक्के उजेड जातो. तेवढ्याच वॉटला 6 व्होल्टवर करंटही 12 व्होल्टच्या दुप्पट लागतो, त्यामुळे वायर जाड हवी, आणि रिवायरिंग करताना कोणी आजच्या गाडीसारखी बारीक वायर ओढली असेल तर तिथेच घोळ आहे. हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून बॅटरीपासून सरळ जाड वायर दिली तर तोच जुना बल्ब ओळखू येत नाही इतका उजळतो, आणि जुना स्विचही वाचतो. त्यातच फ्यूज पण टाका, बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटला फ्यूजच नसतो.

आणि अर्थिंग, म्हणजे दिव्यापासून गाडीच्या पत्र्यातून बॅटरीपर्यंत करंट परत जायची वाट! माझ्या गाडीत ब्रेक दाबला की इंडिकेटर पण मंद पेटायचा, मी इंडिकेटर लुकलुकवणारे दोन फ्लॅशर बदलले, स्विच उघडला, दोन आठवडे गेले, आणि निघालं काय तर टेललाइटच्या बुडाखाली नवा कोरा रंग, पत्र्याला धातूचा स्पर्शच नाही. एक दिवा लावल्यावर दुसरा भलताच पेटत असेल तर आधी अर्थ बघा. दिव्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत तात्पुरती वायर धरा, लाइट नीट झाला तर दोष सापडला. बोल्टखालचा रंग खरवडा नाहीतर वेगळी अर्थ वायर ओढा.

एलईडीचं जरा जपून. जुन्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेप्रमाणे बनवलेला असतो, एलईडीचा उजेड दुसऱ्याच जागेवरून निघाला की तो सगळीकडे फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात, बऱ्याच देशांत असा बदल बेकायदेशीरही आहे. टेललाइट, ब्रेकलाइटला एलईडी घ्यायचाच तर लाल काचेमागे लालच घ्या, आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली) असेल तर तसा खास मागवा, उलट्या टोकांवर साधा एलईडी पेटत नाही. इंडिकेटरला लावलात तर जुना फ्लॅशर नीट लुकलुकणार नाही कारण त्याला बल्बचा लोड लागतो.

दुसऱ्या देशातून आलेली गाडी असेल तर भिंतीसमोर उभी करून डिपर, म्हणजे हेडलाइटचा खालचा बीम बघा. डाव्या बाजूने चालायच्या रस्त्यावर बीम डावीकडे झुकायला हवा, उलटा असेल तर तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत लाइट मारताय.

दरवाज्याच्या खांबातून बाहेर येणारा बाणासारखा जुना इंडिकेटर मला फार आवडतो, पण आजचा ड्रायव्हर तिकडे बघतच नाही. तो ठेवा, सोबत बंपरजवळ लुकलुकणारे लावा आणि हातही दाखवा. मागे एकच छोटा लाल दिवा असेल तर दोन रिफ्लेक्टर लावाच.

डायनामोवाली गाडी आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, बॅटरी जवळजवळ चार्ज करतच नाही, रात्री ट्रॅफिकमध्ये अडकलात की बॅटरी उतरते आणि लाइट मंदावतात, तो बिघाड नाही, पण त्या हिशोबाने निघा.

ब्रेकलाइटचा स्विच ब्रेक ऑइलच्या प्रेशरवर चालणारा असेल तर तो न सांगता मरतो, प्रत्येक वेळी निघायच्या आधी कोणालातरी मागे उभं करून बघा. ब्रेक ऑइल पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी. टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूला चार आकडी कोड असतो, त्यावरून टायरचं वय कळतं, 2319 म्हणजे तो 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनला, आणि रेडियल आणि क्रॉसप्लाय (आतल्या धाग्यांची रचना वेगळी असलेले टायर) एकाच गाडीत मिसळू नका. सीटबेल्ट बसवताना नुसत्या पातळ पत्र्याला भोक पाडून बोल्ट मारू नका, मागून जाड प्लेट लागते, नाहीतर धडकेत पत्रा फाटून बेल्ट सुटून येतो.