फिजिक्सच्या गणितात एककं कशी सांभाळायची

फिजिक्सचं गणित चुकलं की मुलं परत सूत्रं पाठ करत बसतात, पण बऱ्याचदा सूत्र बरोबरच असतं, घोळ एककांचा झालेला असतो. म्हणून एक सवय लावाच, आकडा लिहिला की शेजारी त्याचं एकक, प्रत्येक स्टेपला, शेवटी उत्तरापुढे नुसतं चिकटवायचं नाही. एककं पण आकड्यांसारखीच गुणली भागली जातात आणि वर खाली सारखी आली की कटतात, सगळी गंमत यातच आहे.

समजा गाडीचा वेग ताशी 72 किमी आहे, 5 सेकंदात ती किती अंतर जाईल? घाईत 72 × 5 = 360 लिहून मोकळं होतात. पण 360 काय? एकक लिहून बघा, किमी-सेकंद भागिले तास असं काहीतरी विचित्र येतं, म्हणजे तिथेच थांबायचं. 72 किमी म्हणजे 72000 मीटर, तास म्हणजे 3600 सेकंद, भागले की 20 मीटर प्रति सेकंद. आता गुणिले 5 सेकंद, सेकंद सेकंद कटले, उरले 100 मीटर. ती 5/18 ने गुणायची ट्रिक पण इथलीच, 1000/3600 ला छोटं केलंय बस.

क्षेत्रफळात जपून हां. 1 मीटर म्हणजे 100 सेंमी, पण 1 चौरस मीटर म्हणजे 10,000 चौरस सेंमी, आणि घनमीटर असेल तर थेट 10 लाख घन सेंमी.

न्यूटन, ज्यूल, वॅट वेगवेगळे घोकू नका, सूत्रातून काढा. बल = वस्तुमान × त्वरण, म्हणून न्यूटन म्हणजे किलो × मीटर / सेकंद वर्ग. न्यूटनला मीटरने गुणलं की ज्यूल, ज्यूलला सेकंदाने भागलं की वॅट. यावरून हेही कळतं की किलोवॅट आणि किलोवॅट-तास एक नाहीत, पहिली शक्ती, दुसरी ऊर्जा, 1000 वॅट × 3600 सेकंद = 36 लाख ज्यूल. तसंच वस्तुमान किलोत आणि वजन न्यूटनमध्ये, 60 किलोच्या माणसाचं पृथ्वीवर वजन साधारण 588 न्यूटन, चंद्रावर त्याच्या सहाव्या हिश्शाइतकं, किलो मात्र 60 च.

हे फक्त परीक्षेपुरतं आहे असं समजू नका. 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंडात (इथे पाउंड म्हणजे बलाचं एकक) आकडे देत होतं आणि पुढे ते न्यूटनचे समजून वापरले गेले, जवळजवळ साडेचार पटींचा फरक!

आणि सूत्र विसरलात तरी एककं मदतीला येतात. गतिज ऊर्जेच्या सूत्रात वस्तुमानाला v ने (म्हणजे वेगाने) गुणायचं का v वर्गाने? ज्यूल म्हणजे किलो × मीटर वर्ग / सेकंद वर्ग, म्हणजे वर्गच हवा. पण त्या सूत्राच्या सुरुवातीचा 1/2 यातून कळत नाही कारण त्याला एककच नाही, तो तेवढा लक्षात ठेवा.